पुतळ्यांच्या माळेचं भाडं

“अर्जदार विद्यार्थिनी : कु. उत्तरा धर्मा टपके, प्रथम वर्ष कला. राहणार मौजे वेसावे. पालक : श्री. धर्मा टपके, धंदा खलाशी. पालकाची पत्नी : सौ. मथुरा, वय अंदाजे चाळीस, धंदा घरकाम, पतीवर सर्वस्वी अवलंबून. प्रत्यक्ष चौकशीच्या वेळी सदर स्त्रीच्या अंगावर पुतळ्यांची माळ, मोहनमाळ, एकदाणी, पाटल्या, गोठ व कानांत बुगड्या असा सोन्याचा ऐवज आढळून आला. चौकशी-कारकुनास भोजनाचा आग्रह करण्यात आला. कुटुंबाचे राहणीमान उच्च. सबब अर्जदार फीमाफीच्या सवलतीस पात्र नाही.”

चौसष्ट सालच्या पावसाळ्यात हा अहवाल लिहिणारे विद्याधर राजाध्यक्ष हे अत्यंत सरळ गृहस्थ होते. जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. भोजनाचा आग्रह झाला, हे त्यांनी लपवलं नाही. आग्रहानंतर काय झालं ते तेवढं लिहिलं नाही. चिंबोऱ्यांचं कालवण झालं, तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, आणि निघताना राजाध्यक्षांना आपली छत्री कुठे ठेवली ते आठवेना. अहवालातलं ‘वय अंदाजे चाळीस’ हे मात्र तंतोतंत बरोबर होतं.

बाकीच्याबद्दल थोडं सांगावं लागेल.

वेसाव्याला त्या काळी एक साधा नियम होता. मासळी पाण्यात असेपर्यंत पुरुषाची. होडी वाळूला लागली की ती बायकोची. ती विकणार कुठे, कितीला, आणि आलेल्या पैशाचं करायचं काय, यात पुरुषानं तोंड घालायचं नसे. धर्मा टपके हा लग्न झाल्यापासून दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता आणि या नियमावर मनापासून खूश होता. विडी ओढायची लहर आली की तो मथुरापुढे हात पसरी, आणि तिचा मूड बरा असेल तर त्याला विडी मिळे. पतीवर सर्वस्वी अवलंबून असलेली मथुरा सकाळी डोक्यावर टोपली घेऊन अंधेरीच्या बाजारात जाई. वेसाव्याहून अंधेरीला जाणारा रस्ता तेव्हा दोन्ही बाजूंनी झाडांचा होता. मधे सात बंगले लागत, आणि ते मोजले तर साधारण सातच भरत.

बाजारात मथुराच्या शेजारच्या ओट्यावर सुंदराबाई बसे. ती गल्लीतलीही शेजारीण. नवऱ्याच्या दोन होड्या, अंगावर सोनं, मूलबाळ नाही, आणि तोंड असं की गिऱ्हाईक भाव करायच्या आधीच माफी मागे. वीस वर्षं दोघी खांद्याला खांदा लावून बसत होत्या आणि तेवढीच वर्षं भांडत होत्या. उत्तरा मॅट्रिक झाली, गल्लीतली पहिलीच पोर, तेव्हा बाजारात पेढे वाटून झाल्यावर सुंदराबाई म्हणाली,

“आता काय गो? कालेजात घालतंस? तिथं शिकून पापलेटाला इंग्रजीत हाका मारनार काय पोरगी?”

मथुरानं तोवर काही ठरवलं नव्हतं. त्या क्षणी ठरलं.

कॉलेजच्या खिडकीवरल्या कारकुनानं समजावून सांगितलं. फी आत्ता भरा. गरीब पालकांसाठी सरकारी सवलत आहे, तिचा अर्ज करा. चौकशी होईल. सवलत मंजूर झाली की भरलेली फी परत मिळेल, आणि पुढच्या वर्षीही भरावी लागणार नाही. मथुराला यातलं गणित लगेच पटलं. तिनं गळ्यातली सोन्याची सरी अंधेरीच्या सोनाराकडे ठेवली आणि फी भरली. फी परत आली की सरी परत येणार होती. गळ्यात काळे मणी तेवढे उरले. ते झाकायला पदर होता.

उत्तरा कॉलेजात जाऊ लागली. संध्याकाळी ती ओटीवर बसून मोठ्यानं वाचायची. अर्थशास्त्राचं इंग्रजी पुस्तक. समोर पुरुष जाळी विणत बसलेले असत, बायका तांदूळ निवडत. कुणाला एक अक्षर कळत नसे. पण एखाद्या दिवशी तिला यायला उशीर झाला की धर्मा जाळ्यातली सुई थांबवून विचारी, “पोरगी वाचत नाय आज?” गल्लीला त्या आवाजाची सवय लागली होती. मथुराला तर इतकी की तो आवाज सुरू झाल्याशिवाय ती चुलीला लाकूड लावत नसे. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सुंदराबाईला तर नाहीच.

मग चौकशीचं कार्ड आलं. उत्तरानं वाचून दाखवलं आणि कॉलेजला जाताना बजावलं, “आये, तो मानूस येईल तवा घर जसं हाय तसं दाखव. काय सजवूबिजवू नको.”

“जसं हाय तसंच दाखवनार,” मथुरा म्हणाली, आणि तिचा तसाच विचार होता.

भर पावसाचे दिवस होते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या, समुद्र बंद, बाजार बंद, घरात सुक्या बोंबलांवर दिवस काढणं चाललेलं. गरिबी दाखवायला याहून चांगला मुहूर्त पंचांगात सापडला नसता. मथुरा ओटी झाडत होती, तेवढ्यात सुंदराबाई दारात उभी राहिली आणि तिनं मथुराच्या गळ्याकडे पाहिलं.

“सरकारचा मानूस येनार आन तू अशी?”

“अशी म्हंजे कशी?”

“अशी म्हंजे भुंडी.”

“पोरगी बोलली, जसं हाय तसं दाखव.”

“मग दाखव की. वीस वर्सं तुझ्या गळ्यात सरी बघतंय मी. ती हाय तशी कुठं हाय?” सुंदराबाई आत येऊन पाटावर बसली. “तो सायेब उद्या कचेरीत काय सांगंल? वेसाव्याच्या बायका लंकेच्या पार्वती. नवरे दारुडे. तुझ्या एकटीची नाय जात गो अब्रू, आख्ख्या गल्लीची जाते.”

 मथुराला स्वतःलाही तो मोकळा गळा महिनाभर टोचत होता. सुंदराबाईनं स्वतःची पुतळ्यांची माळ काढली आणि तिच्या गळ्यात घातली. “बोलू नको. संध्याकाळी परत दे.”

एवढ्यावर थांबलं असतं तर पुढचं टळलंही असतं. पण पलीकडच्या सगुणानं खिडकीतून हे पाहिलं. सरकारी माणसासमोर गल्लीची अब्रू काय एकट्या सुंदराबाईच्या माळेनं राखायची? ती मोहनमाळ घेऊन आली. तिच्या जावेनं पाटल्या आणि गोठ आणले, आणखी कुणी एकदाणी. कोपऱ्यावरची म्हातारी, जिला कानानं ऐकू येत नव्हतं, ती नेमकी कानातल्या बुगड्या घेऊन आली. “वरच्या आळीवाल्यांना समजू दे,” असं ती मोठ्यानं म्हणाली. काय समजू दे, ते तिलाही माहीत नव्हतं. राजाध्यक्ष विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, छत्री सांभाळत गल्लीत शिरले तेव्हा मथुराला मान वळवताना सगळं अंग वळवावं लागत होतं.

राजाध्यक्षांनी कागद काढला आणि नियमाप्रमाणे आधी पालकाकडे वळले.

“तुमचं वर्षाचं उत्पन्न किती?”

“तिला इचारा,” धर्मा म्हणाला.

“मी तुमचं विचारतोय.”

“माझंच तिला इचारा.”

“अहो, तुम्ही कमावता ना?”

“मी मासळी आनतो.”

“आणि पैसे?”

“पैसं मासळीचं येतंय. मासळी तिची.” धर्माला याहून स्पष्ट बोलणं अशक्य होतं, म्हणून तो जाळ्याकडे वळला.

राजाध्यक्षांच्या कागदावर बायकोच्या उत्पन्नाला जागा नव्हती. तरी त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही कुठं नोकरी करता?”

“नोकरी?” मथुराला तो प्रश्नच अपमानाचा वाटला. “माझ्या सात पिढ्यांत कुनी नोकरी केली नाय, सायेब!”

राजाध्यक्षांनी ‘घरकाम’ लिहिलं. मग मथुरानं सांगितलं की पावसाळ्यात हाल असतात, होडी आपली नाही, पोरीला फी झेपत नाही. सगळं खरं होतं. पण तिचा हात हलला की गोठ पाटल्यांवर वाजत, आणि राजाध्यक्षांना शब्दांपेक्षा ते नीट ऐकू येत होतं. त्यातून दुपार झाली होती. पाहुणा जेवल्याशिवाय दारातून जातो कसा? शेजारच्या पोरांनी खाडीतून चिंबोऱ्या धरून आणल्याच होत्या. राजाध्यक्ष नको म्हणाले. दुसऱ्यांदा जरा हळू म्हणाले. मुळात ते सारस्वत होते.

गल्ली त्या दिवशी अतिशय समाधानात झोपली. अब्रू राहिली होती.

सवलत मिळालेल्यांची नावं कॉलेजच्या फलकावर लागली तेव्हा नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या होत्या. उत्तरा घरी आली ती अहवालाचा मजकूर विचारून आली होती. रडली वगैरे नाही. तिनं पुस्तकं फळीवर ठेवली आणि विचारलं,

“आये, त्या दिवशी तू काय काय घातलं होतंस?”

मथुरानं सांगितलं. माळ सुंदराबाईची, मोहनमाळ सगुणाची, बुगड्या म्हातारीच्या. सांगताना पहिल्या दागिन्याला तिच्या आवाजात ऐट होती. शेवटच्या दागिन्यापर्यंत ती उरली नाही.

“पुढच्या सहामाहीची फी कुठनं आननार?” उत्तरा म्हणाली. “सोमवारपास्नं मी येते तुझ्यासंगं बाजारात. मला टोपली बघून ठेव.”

त्या संध्याकाळी ओटीवर कुणी वाचलं नाही. धर्मानं सुई थांबवली, पण विचारलं नाही. चूल उशिरा पेटली.

मथुरापुढे एकच वाट होती. कचेरीत जायचं आणि सांगायचं की सोनं माझं नाही. म्हणजे चारचौघांत सांगायचं की माझी सरी सोनाराकडे आहे आणि मी उसन्या दागिन्यांत मिरवले. दोन दिवस ती या वाटेकडे नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं सुंदराबाईला गाठलं आणि, वीस वर्षांत पहिल्यांदा, भांडण न करता बोलली.

“तुझी माळ तुझी हाय एवढं सायेबाला सांग.”

सुंदराबाईनं मधे न तोडता ऐकून घेतलं. तिच्याबाबतीत ही घटनाच होती. मग म्हणाली, “मी एकटी कशाला? सगळ्याच जाऊ.”

आणि सगळ्याच गेल्या. बसमधून, काष्टे आवरत, आपापलं सोनं आपापल्या अंगावर घालून. एका बाईची गरिबी सिद्ध करण्यासाठी इतके श्रीमंत साक्षीदार त्या कचेरीनं आधी पाहिले नव्हते. राजाध्यक्ष उभेच राहिले.

“काय काम आहे?”

“सायेब, हिच्या गळ्यात तुम्ही जे बघितलं ते आमचं,” सगुणा म्हणाली. “आता बघा, आमच्या गळ्यात हाय.”

राजाध्यक्षांनी पाहिलं. पुतळ्यांची माळ ओळखीची निघाली, मोहनमाळही. माणूस मनाचा मऊ होता, शिवाय चिंबोऱ्या विसरला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, कोरा कागद घेतला, टाकाला शाई लावली. “चांगलं झालं तुम्ही आलात. फेरचौकशी लावतो. एकेकीनं पुढं या. नाव, नवऱ्याचं नाव, दागिना कोणता, अंदाजे किती तोळे, कधी घेतला. लिहून घेतो, खाली अंगठा करा.”

 वरचा पंखा आवाज करत होता, तो आता सगळ्यांना ऐकू आला.

वर्षभरापूर्वीच सोन्याचा कायदा आला होता. त्या कायद्यात नक्की काय होतं ते वेसाव्यात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच सगळ्या त्याला घाबरून होत्या. सोनं सरकारी कागदावर चढलं की एक दिवस सरकार ते न्यायला येणार, इतकं पक्कं समजलं होतं. त्यातून काही बायकांच्या काही दागिन्यांची त्यांच्या नवऱ्यांनाही कल्पना नव्हती.

सगुणानं पदर पुढे ओढला. मोहनमाळ दिसेनाशी झाली.

“लिवायला कशाला पायजे?” तिनं विचारलं.

“लिहिल्याशिवाय कसं होईल?”

राजाध्यक्षांनी सुंदराबाईकडे पाहिलं. सुंदराबाई पंख्याकडे पाहत होती. मथुरा तिच्याकडे पाहत होती. मग सुंदराबाई, जिचा आवाज भर बाजारात स्टेशनपर्यंत जाई, अगदी बारीक बोलली.

“सायेब… माळ हिचीच असंल. मना नीट आठवत नाय.”

मग काय, वाट मोकळी झाली. मोहनमाळही मथुराचीच निघाली. पाटल्या तिच्याच, गोठ तिचेच. बुगड्यांच्या म्हातारीला काय चाललंय ते ऐकूच आलं नव्हतं, तिला दंडाला धरून बाहेर नेलं. काही मिनिटांत मथुरा वेसाव्यातली सगळ्यात श्रीमंत बाई झाली आणि राजाध्यक्षांनी नाइलाजानं कागदावर ‘अर्ज निकाली’ असा शेरा मारला.

बसमध्ये सगळ्या माना खाली घालून बसल्या. कंडक्टरनं दोनदा विचारलं, मयताला गेला होता काय म्हणून.

सोमवारी उत्तरा आईबरोबर बाजारात आली. ओट्यावर बसली, पाणी शिंपडलं, मासे मांडले. शेजारी सुंदराबाई बसलेली. तिची भवानी झाली, म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक झालं. भवानीचे पैसे कोळीण कुणाला देत नाही, उसने तर मुळीच नाही. त्यांवर दिवस चालतो. सुंदराबाईनं ते कपाळाला लावले, आणि कमरेला खोचायच्या ऐवजी हात लांब करून मथुराच्या टोपलीत टाकले.

“हे काय?” मथुरानं विचारलं. कचेरीनंतरचा तिचा हा पहिला शब्द.

“भाडं.”

“कसलं भाडं?”

“माळेचं.” सुंदराबाई समोरच्या हलव्यावरच्या माश्या हाकत होती. “सरकारनं माळ तुझ्या नावावर लिवली ना? मग तुझी माळ मी रोज गळ्यात घालून फिरतंय. फुकट? माझ्या बापानं कधी कुनाचं फुकट घातलं नाय.”

“सुंदरे, नाटकं करू नको. तुझी भीक नको मना.”

“भीक कोन देतंय तुला, शेठानी? जा, कचेरीत जा, सायेबाला इचार माळ कुनाची. तो ‘सुंदराबाईची’ बोलला तर तुझ्या पाया पडतंय.”

मथुरानं पैशांकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं. सरकारी कागदाविरुद्ध बोलायला तिच्याकडे काहीच नव्हतं. तिनं पैसे उचलले, कपाळाला लावले आणि वेगळ्या चिंधीत बांधले. तिचे डोळे भरले होते असं उत्तरा पुढे सांगे. मथुराच्या मते शेजारी कांदा चिरत होते. मासळीबाजारात कोण कांदा चिरतं, हे तिनं कधी सांगितलं नाही.

“आन तू काय बघतंस?” सुंदराबाई उत्तरावर ओरडली. “मघापास्नं पापलेट उलटं धरलंस! गिऱ्हाइकं पळतील आमची. जा कालेजात!”

दुपारपर्यंत सगुणानं मोहनमाळेचं भाडं आणून दिलं. मग पाटल्यांचं आलं. गल्लीतली प्रत्येक बाई स्वतःच्याच दागिन्याची भाडेकरू झाली आणि ती पद्धत उत्तरा बी.ए. होईपर्यंत चालली. भाडं थेट फीला जाई. भाडं म्हटल्यावर कटकटी आल्याच. “माळ जुनी झाली, भाडं कमी कर,” असं सुंदराबाई दर सहामाहीला म्हणे. “सरकारला इचारून सांगते,” असं मथुरा म्हणे. भांडण फारच पेटलं तर मथुरा हात पुढे करून ओरडे, “उतरव माझी माळ!” एकदा सुंदराबाईनं खरंच ती उतरवून ओट्यावर आपटली. आठवडाभर माळ मथुराच्या घरी होती आणि भाडं तरीही सुंदराबाईच देत होती.

उत्तराला दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्रात भाड्याचा सिद्धान्त होता. तिनं आईला सांगितलं की तुमचं हे प्रकरण कुठल्याच सिद्धान्तात बसत नाही.

“मग त्यांना सांग नीट लिवायला,” मथुरा म्हणाली.

पुढे सत्तरच्या पुढच्या वर्षांत गल्लीतली आणखी पोरं कॉलेजात गेली. तोवर गल्ली शहाणी झाली होती. चौकशीचं कार्ड आलं की मथुरा त्या घरी जाई, बाईच्या अंगावरचं सोनं उतरवून घेई, फाटकं लुगडं नेसायला लावी आणि चुलीवर काही शिजू देत नसे. उतरवलेलं सोनं ती स्वतःच्या घरी नेऊन ठेवी. त्यावर कुणी हरकत घेत नसे. कागदावर ते तसंही तिचंच होतं. सवलती धडाधड मंजूर होत गेल्या. ओटीवर मोठ्यानं वाचायची रीतही पसरली. संध्याकाळी गल्लीतून चालत गेलं की एका दारातून इतिहास, दुसऱ्यातून रसायनशास्त्र आणि मधून जाळं विणणाऱ्याचा खोकला ऐकू यायचा. आता तिथे त्या ओट्या नाहीत. समुद्र आहे तिथेच आहे.

उत्तराच्या पदवीदानाला जाताना मथुरानं सुंदराबाईकडे एका दिवसासाठी माळ परत मागितली होती.

“एका दिवसाचं भाडं कापून घेईन,” सुंदराबाई म्हणाली आणि स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात घातली.

येताना तिघांनी अंधेरी स्टेशनजवळच्या स्टुडिओत फोटो काढला. मधे झगा घातलेली उत्तरा, एका बाजूला कॅमेऱ्याला घाबरलेला धर्मा, दुसऱ्या बाजूला मथुरा. पदर मुद्दाम मागे घेतलेला, गळ्यात पुतळ्यांची माळ. फोटो बघणारे नवे लोक म्हणतात, घर चांगलं खाऊनपिऊन सुखी दिसतं.

माळ त्याच संध्याकाळी सुंदराबाईला परत गेली. मथुराची सरी सोनाराकडून कधी सुटली नाही.